संध्याकाळचं माप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशी अबोला धरून बसले होते. नेरूळच्या मार्केटात मेथी निवडत उभी होते आणि फोनवर माझ्या मुलीचं, मयूरीचं नाव दिसलं. वाटलं, आता ही मामाची बाजू घेऊन भांडणार. "आई, मामा..." एवढंच म्हणाली. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते, म्हणजे ती तुर्भ्याला त्याच्या दुकानात होती. मी तिरकसपणे म्हटलं, "काय झालं तुझ्या मामाला? आणखी एक बुटांचा जोड सापडला वाटतं!" तिकडून नुसतं रडणं... दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसून तो कोणा मुलाच्या पायात बूट चढवत होता आणि बसल्या जागी कलंडला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी मेथीची जुडी हातात तशीच घेऊन रिक्षात बसले, ते तुर्भे आल्यावर लक्षात आलं.

रमाकांत, माझा थोरला भाऊ. ट्रॅकवर मोटारसायकल पळवणाऱ्या पोरांचा रमादादा. तुर्भ्याच्या कारखान्यांमधल्या एका गाळ्यात त्याचं दुकान. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे कुठेही मिळतील. दादा फक्त बूट विकायचा, तेही रेसचे. "डोकं सगल्यांना आठवतं, पाय कोनालाच आठवत नाय," म्हणायचा. आणि विकायचा तरी काय, जास्त करून परतच पाठवायचा! सकाळी कोणी आलं की हा दारातूनच सांगणार, "संध्याकाळी ये. सकाळी पाय लहान असतो. दिवसभर वापर, जरा सुजू दे, मग बघू." संध्याकाळी आलेल्याचीही सुटका नव्हती. आधी बूट दोन्ही हातांत धरून ओल्या चादरीसारखा पिळायचा. पिळला गेला की बाजूला. मग घोट्याच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबून बघायचा, दबल्या की तोही बाजूला. उरलेला पायात चढला की गिऱ्हाइकाला दुकानातल्या जुन्या बाइकवर गुडघे मुडपून बसवायचं, गिअर टाकायला लावायचे, आणि हा खाली स्टुलावर बसून बुटाची टाच धरून जीव खाऊन मागे ओढणार. आत पायाची टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. शेवटी बुटाच्या टोकावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "बोटं हलव." टाच घट्ट, बोटं मोकळी... हे जमलं तरच बूट मिळायचा.

एवढं वेड कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही खाडीकाठच्या गावातले. आमच्या आप्पांनी उभ्या जन्मात कोणाला नेमक्या मापाची चप्पल घेतली नाही. "वाढतं माप घे, दोन गनपती जातील!" शाळेचे बूट, लग्नातल्या मोजड्या, सगळं एक नंबर मोठं आणि पुढे कापसाचा बोळा. दादाचा पाय वाढायचा कधीच थांबला होता, तरी पहिल्यांदा रेसचे बूट घ्यायला गेला तेव्हा तोंडातून आपोआप तेच निघालं, एक नंबर मोठा द्या. आत दोन-दोन मोजे घातले आणि ऐटीत उतरला. वळणावर पडला. बूट एकीकडे फिरला, आतला पाय दुसरीकडे, आणि बाइक थांबायच्या आधी बूट लांब जाऊन पडला होता. घोट्याचा चुरा. त्यानंतर दादा रेसमध्ये उतरला नाही, जन्मभर डावा पाय ओढत चालला. आप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले की बूट चांगलेच होते, यालाच चालवता येत नाही. काय बोलणार अशा माणसाला!

तर अशा मामाची माझी मयूरी भाची. नोकरी लागली, पगार हातात आला आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, ट्रॅकवर उतरणार. मी आकाशपाताळ एक केलं. आमच्या ह्यांनी पेपरमागे तोंड लपवलं. दादाने मात्र एकच अट घातली: बूट मी देईन तेव्हाच उतरायचं. मला हायसं वाटलं, कारण तिचं पाऊल माझ्यासारखं, पुढे रुंद आणि टाचेला अरुंद. पुरुषांचे बूट टाचेत ढिले व्हायचे, बायकांचे म्हणून येणारे पिळले की वळायचे. महिने गेले. दर वेळी ती तोंड पाडून घरी यायची आणि मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल करायचे. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, बसले!" मी तशीच तुर्भ्याला गेले. पोरगी जुन्या बाइकवर बसलेली, पायात काळे बूट, चेहरा नुसता फुललेला. मी दादाला बाहेर बोलावलं. ट्रक जात होते, ओरडूनच बोलावं लागत होतं. म्हटलं, "टाच ढिली आहे म्हणून सांग तिला. तुझं एकट्याचं ऐकते ती."

"वंदू, मना खोटं बोलायला सांगतेस?"

"हो, सांगते! स्वतःचा पाय मोडून घेतलास तेवढा पुरे नाही झाला का?"

तो रागावला नाही. दुखरा पाय पायरीवर टेकवून उभा राहिला. म्हणाला, "लग्नात मामा भाचीच्या मागं उभा राहतो ना? ती कुठं उभी राहनार, ते तिचं तिनं ठरवायचं. मी मागं उभा हाय." मी म्हटलं, "तिला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही." आणि निघून आले. तेच शेवटचं बोलणं. मी अजूनही म्हणते, माझं काही चुकलं नव्हतं, आई आहे मी. पण तो असता तर आणखी दहा वेळा भांडले असते ना... आता कोणाशी भांडू?

बारावं-तेरावं झालं आणि मयूरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रेसची तारीख जवळ आली होती. मला वाटलं होतं, मामा गेला, आता हे खूळही जाईल. म्हणाली, "मी जाणार. पण टाच कोण ओढणार?" दादाचा नियम होता, रेसच्या दिवशी, अंगावर चामड्याचा सूट चढल्यावर टाच पुन्हा ओढून बघायची. आणि ती स्वतः ओढायची नाही, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस हात राखतो. आपण पडू नये असं ज्याला वाटतं त्यानेच ओढायची. "मामाच्या जागी तू चल," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. मग रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी बॅग भरली, कारण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. टाच निघाली की मीच सांगणार होते, मामाचा नियम आहे, उतरायचं नाही.

ट्रॅक दक्षिणेत, लांब. पेट्रोलचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि सगळीकडे पोरंच पोरं. दादाचं स्टूल मयूरीने दुकानातून आणलं होतं, मला न सांगता. मी त्यावर बसले. तिने गुडघा मुडपला. मी टाच दोन्ही हातांनी धरली आणि ओढली... देवाशपथ, एवढा जोर मी कधी कशाला लावला नसेल. नीघ, म्हटलं, नीघ मेल्या! बाजूची पोरं बघत राहिली. टाच जागची हलली नाही. मी तळवा बुटाच्या टोकावर ठेवला आणि म्हटलं, "बोटं हलव." आत बोटं हलली. आता तोंडातून दुसरं काय काढणार होते मी? म्हटलं, "ये जाऊन."

तिसऱ्या फेरीला ती पडली. मी ते पाहिलं नाही, पुढच्या लोकांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं तेवढं ऐकलं. मागच्या चाकाने पकड धरली नाही, ती घसरत गेली आणि पाय बाइकखाली अडकला, असं कोणी तरी सांगितलं. कुठला पाय? कोणाला माहीत नव्हतं. जाळीपाशी उभा असलेला माणूस पलीकडे सोडत नव्हता. मी त्या माणसाला मराठीत काय काय बोलले ते त्याला कळलं नाही ते बरंच झालं. प्रथमोपचाराच्या खोलीत ती खाटेवर पडली होती, डोळे मिटलेले, डावा बूट बाहेरच्या बाजूने पार खरवडलेला, घोट्यावरचं कडक कवच तडकलेलं. डावाच... दादाचा होता तोच. पण बूट पायातच होता. डॉक्टरांनी झिप उघडून हळूहळू बूट काढला, मोजा काढला. मी पुढे झाले. तळवा तिच्या पावलाखाली धरला. म्हटलं, "बोटं हलव."

क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा हलला, मग बाकीची चारही. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि दादाच्या नावाने हंबरडा फोडला. तो गेला त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. डॉक्टर बिचारे घाबरले, त्यांना वाटलं पोरीचं काही तरी वाईट झालं.

नुसता मुका मार होता. आता ती ठणठणीत आहे. बूट मी दुकानात नेऊन ठेवले. रविवारी दुकान मी उघडते, झाडते, त्या स्टुलावर जरा बसते. परवाच्या रविवारी सकाळी मयूरी तिथे आली, तडकलेला बूट हातात घेऊन उलटापालटा करत म्हणाली, "आई, पुढची रेस आहे. हे चालतील का गं अजून?" मी बूट तिच्या हातातून घेतला, घोट्यावर अंगठा दाबला. तडकलेलं कवच आत गेलं.

"हे आता ट्रॅकवर नाही," मी म्हटलं. "नवीन बघावे लागतील."

ती तिथेच बाकावर बसून चप्पल काढायला लागली.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी ये."