सरांचं परवा

सरांच्या पंचांगात दिवस तीनच होते: आज, उद्या आणि परवा. होऊन गेलेलं सगळं परवा. परवा सून माहेरी गेली, परवा मी मॅट्रिक झालो, परवा मुसीला पूर आला तेव्हा आमचे आजोबा चिंचेच्या झाडावर चढून बसले म्हणून आज आम्ही आहोत. 'परवा याच अंगणात आजोबांची मुंज लागली,' असं ते एकदा इतक्या सहज बोलून गेले की पुण्याहून नव्यानं आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "त्यांच्यात इतक्या उशिरा मुंजी करतात का हो?"

यात सरांचा काही दोष नाही. हैदराबादेत 'परसों' म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. दिवाळीत शिवायला टाकलेलं कापड होळीला मागायला जा, शिंपी डोळे मोठे करून म्हणेल, "अम्मा, परसोंइच तो दिये तुम!" पिढ्यान् पिढ्या हे ऐकून आमची मराठीही तशीच झाली. फरक एवढाच, की आम्ही बाकीचे लोक पुण्यामुंबईच्या पाहुण्यांसमोर जीभ सांभाळतो. सरांनी ती कधीच सांभाळली नाही.

जामबागच्या शाळेत ते आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला हातातला खडू सोडायचे, मग कमरेवर हात ठेवून वाकायचे, तो उचलायचे आणि म्हणायचे, "पडतो त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात. उचलावा लागतो त्याला नोकरी म्हणतात." वर्ग हसायचा. सर हसत नसत. पण त्यांचा खडू नंतर तासभर कुणी ना कुणी उचलून देत असे.

शहरातली मराठी माणसं मात्र त्यांना ओळखायची ती खडूमुळे नव्हे, बंबामुळे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटुकली बघून बघून लोक कंटाळले होते, तेव्हा सरांनी एका भाच्याचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला आणि सिनेमा केला, 'तांब्याचं यान'. गौलीगुड्यातलं देगलूरकर नावाचं कुटुंब. गच्चीवर अंघोळीचं पाणी तापवायला तांब्याचा बंब ठेवलाय, त्यात विस्तव जरा जास्त होतो आणि बंब सगळ्यांना घेऊन आकाशात जातो. एवढ्याशा बंबात चार माणसं मावली कशी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. बाहेरून तो सरांच्या घरचा बंब होता, त्याच्यामागं जाऊन बसलं की आत बसलं असं धरायचं, आणि आतून मंडळाची भांड्यांची खोली. देगलूरकर घरी परतायला निघतात आणि प्रत्येक भागात भलत्याच ग्रहावर उतरतात. असे पाच भाग झाले. पोरं ते बघत मोठी झाली, त्यांची पोरंही. संवाद लोकांना इतके पाठ, की पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत सभागृह बोलून मोकळं व्हायचं.

मलकपेठच्या बाजारात सर भाजी घेत असले की लोक त्यांना अडवायचे. "सर, देगलूरकर घरी कधी येणार हो?"

"परवा," सर म्हणायचे आणि वांगी निवडायला लागायचे.

खरं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "शैले, घरी पोचली की माणसं अंघोळ करून झोपतात. मग सिनेमा कुणाचा करायचा?"

सरांचा खोडसाळपणा सगळा परग्रहवासीयांत उतरला होता. त्यांच्या सिनेमातले हिरवे प्राणी अस्सल पुणेरी मराठी बोलत. स्वच्छ, सानुनासिक, एकेक अक्षर तासून काढलेलं. "हे आपल्याला शोभत नाही," असं तो हिरवा प्राणी म्हणाला की देगलूरकर बायकोकडं वळून विचारायचे, "क्या बोलरा बाबा ये?" आणि आम्ही हैदराबादी खुर्च्यांवरून खाली पडायचो. पुढं माहितीतंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर पुण्याची माणसं मंडळात आली, आणि आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण झालं उलटंच. निखिल नावाचा एक उंच, शिस्तीचा मुलगा चौथा भाग बघून दुसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभा राहिला. "सर, मी पुण्याचाच आहे. मला सराव करावा लागणार नाही." पाचव्या भागातला प्राणी तोच.

मी कोण, तर पहिल्या भागातल्या प्राण्याचे मागचे पाय. दुसऱ्यात पुढचे पाय. तिसऱ्यापासून सरांनी कॅमेरा माझ्या हाती दिला, तो पाचव्यापर्यंत माझ्याकडंच राहिला. दिवसभर मलकपेठच्या बँकेत लोकांच्या सह्या जुळवायच्या आणि सुटीच्या दिवशी सरांच्या गच्चीवर मंगळ उभा करायचा, असं माझं आयुष्य गेलं. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

मग सरांचा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, पुढं पुढं कपच हातात घेईनासे झाले. सहाव्या भागाची वेळ आली तेव्हा त्यांनी मंडळाला निरोप धाडला, "यान आता दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. माझ्या हातात ते फारच हलतंय."

खरं सांगायचं तर मला त्या जागी दुसरं कुणीच नको होतं. आणि कुणी यायचंच असेल, तर ती मी असावी असं वाटत होतं. मनातल्या मनात मी सहावा भाग करूनही टाकला होता.

रविवारी सकाळी सभा भरली. समितीत आता सगळी गच्चीबावलीकडची, कंपन्यांतली मंडळी, अध्यक्षाबाईही पुण्याच्या. जुन्या हैदराबाद्यांपैकी मी आणि वकीलसाहेब, एवढेच. वकीलसाहेब म्हणजे पडद्यावरचे थोरले देगलूरकर. पाचही भागांत तेच. कान अलीकडं फितूर झालेले, त्यामुळं प्रत्येक गोष्ट त्यांना दोनतीनदा सांगावी लागायची. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "उगाच चर्चा कशाला? सरांनाच विचारू." टेबलावर फोन ठेवला, आवाज मोठा केला. "सर, नवा दिग्दर्शक कोण असावा, तुमच्या मनात काही आहे का?"

"अहो, ते परवाच ठरलं की," सर म्हणाले. "घरीच बोलणं झालं. बराबर माणूस आहे. तुम्ही परेशान होऊ नका." मग त्यांनी अध्यक्षाबाईंच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला.

अध्यक्षाबाईंनी बोटं मोजली. आज रविवार, काल शनिवार, परवा शुक्रवार. "शुक्रवारी सरांकडं कोण गेलं होतं?"

निखिलचा हात वर्गातल्या पोरासारखा अर्धवट वर आला. हाताच्या व्यायामासाठी दाबायचा रबरी चेंडू द्यायला तो गेला होता. "पण मला तसं स्पष्ट काही म्हणाले नाहीत," तो गोरामोरा झाला, "फक्त चेंडू हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडं बघत होते." एवढं पुरे होतं. टाळ्या झाल्या.

"कौन हुआ?" वकीलसाहेबांनी माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं. मी सांगितलं. दोनदा सांगितलं.

मला उठून म्हणता आलं असतं, की बाईसाहेब, ते परवा म्हणजे तुमचं परवा नव्हे. पण तोंड उघडलं असतं तर खुर्ची मलाच हवी आहे हे सगळ्यांना कळलं असतं. आणि सरांचं परवा मग कुठल्या दिवशीचं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? अख्खा भूतकाळ पडला होता.

संध्याकाळी गौलीगुड्याला सरांकडं गेले. सूनबाईंनी दार उघडलं. सर खिडकीशी बसून चेंडू दाबत होते. मला बघून म्हणाले, "या डायरेक्टरीणबाई."

मी उभीच राहिले. "सर, तुम्ही ठरवलंत कुणाला?"

"तुला. अजून कुणाला ठरवणार? परवा सांगितलं की तुला."

"मला नाही सांगितलंत."

"सांगितलं. चौथा भाग करत होतो, इथंच, स्वयंपाकघरात."

मग मला तो दिवस आठवला. देगलूरकरांच्या घरची आई यानाच्या खिडकीतून लांबवरच्या आपल्या पृथ्वीकडं बघते, असा प्रसंग होता. तिचा संवाद संपला, सर "हौ" म्हणाले. त्यांचं "हौ" झालं की कॅमेरा बंद करायचा, असा आमचा रिवाज. त्या दिवशी मी केला नाही. काम संपलं असं वाटून त्या बाईंनी श्वास सोडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचा स्वतःचाच थकवा आला, स्वतःचंच कुठलं तरी लांब राहिलेलं घर. सिनेमा बघताना लोक नेमके तिथंच रडत. मंडळातलं शूटिंग आटोपून आम्ही सरांच्या घरी परतलो, तेव्हा सर स्वयंपाकघरात आले होते. गॅसवर दूध होतं. माझ्याकडं न बघताच म्हणाले होते, "शैले, आता यापुढं तू कर."

"सर," मी म्हटलं, "मी चहा केला हो."

सरांना हसू फुटलं, ते आवरेना. चेंडू हातातून सुटून पलंगाखाली गेला. डोळे पुसत म्हणाले, "हौ, हौ. चहापण चांगला झाला होता." आणि लगेच विचारलं, "मग, कधी सुरू करतेस?"

मंडळाच्या ग्रुपवर निखिलला हार घालतानाचा फोटो केव्हाच आला होता. सरांचा फोन फक्त बोलायचा. त्यावर फोटो येत नसत. ते माझ्याकडं इतक्या आनंदानं बघत होते की माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा, सर."

"इतमिनानानं कर," ते म्हणाले. "जल्दी नको."

बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि पोटभर रडले. दुःखानं म्हणावं तर तसं नाही. इतकी वर्षं माझ्या नावावर असलेलं काहीतरी मला आज कळलं होतं, आणि ते देणारा माणूस जायला निघाला होता.

सर परवा गेले. म्हणजे तुमच्या हिशेबानं दोन वर्षं होतील. हल्ली मीही जीभ सांभाळत नाही.

निखिलनं सहावा भाग केला. खोटं कशाला बोलू, चांगला केला. संगणकावर त्यानं बंब असा काही उडवला की मुसीच्या पाण्यात त्याची सावली दिसली. आणि शेवटी त्यानं देगलूरकरांना घरी आणलं. बंब गच्चीवर उतरला तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मीही टाळ्या वाजवल्या. पण माझे डोळे पडद्यावर नव्हते. सभागृहाच्या मागच्या दाराशी टेकून सर नेहमी उभे राहत, मी त्या दाराकडं बघत होते. तिथं एक पंखा ठेवला होता.

नंतर काही महिन्यांनी निखिल बँकेत आला, माझ्यासमोर बसला. "शैलाताई, मोठा घोळ झालाय. ते घरी आले. आता लोक सातवा भाग मागतायत, आणि मला पुढचं काही सुचतच नाही."

मला हसू आलं, आणि मग मी त्याला चहाची गोष्ट सांगितली. तो टेबलावर बोटं ठेवून, अध्यक्षाबाईंनी मोजले होते तसे वार मोजत राहिला. "म्हणजे ते शुक्रवारचं नव्हतंच," तो म्हणाला. चेहरा उतरला होता; मला वाटलं, उगाच सांगितलं. पण शिस्तीचा मुलगा. उठताना म्हणाला, "मग हे तुमचंच आहे. तुम्ही करा. मी पुन्हा प्राणी होईन."

गेल्या रविवारी आम्ही सुरुवात केली. सूनबाईंनी गच्चीची किल्ली दिली, बंब घासून लखलखीत करून ठेवला होता. माझ्या गोष्टीत देगलूरकर घरी आलेत, अंघोळी झाल्यात, गल्ली तीच आहे, दारं तीच आहेत, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुकाट्यानं पुन्हा बंबाकडं जातात. थोरले देगलूरकर आधी आत बसतात. एवढंच घ्यायचं होतं.

वकीलसाहेब तो जुना कोट घालून बंबापाशी गेले आणि थांबले. "शैला, मला एक समजत नाही. इतके भाग घरी यायला तडपलो आम्ही. आता आलोय की घरी. मग परत कैकू बसायचं ह्याच्यात?"

मी सांगायला तोंड उघडलं. गोष्ट माझी, उत्तर माझ्याकडं होतं, तरी मी कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. निखिल अर्धा हिरवा झाला होता, अर्धं तोंड रंगवायचं राहिलं होतं. तो पुढं झाला, वकीलसाहेबांच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब, घर तेच आहे. पण घरात सर नाहीत."

वकीलसाहेबांना या वेळी एकदाच सांगावं लागलं. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि बंबात जाऊन बसले.