दम धरायचा नाही : मालवणचं सर्टिफिकेट आणि आमच्या शेतातली विहीर

स्कूबा शिकायचं ठरलं ते वहिनीच्या ओट्यावर, आणि तेही अटीवर.

नानाभाऊ म्हणजे माझे चुलतभाऊ. वय बावन्न, अमळनेर तालुक्यात कपाशी आणि ज्वारीची शेती. पंचक्रोशीत कुणाची मोटर विहिरीत पडली, बादली गेली, की बोलावणं त्यांनाच. एका दमात तळ गाठायचे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. काठावरून ओरडायचे, "उजू, दम धर!" आणि मी सात वर्षांची पोर गाल फुगवून उडी टाकायची. दोन वर्षांपूर्वी मात्र ते एका मोटरीसाठी उतरले आणि वर आले ते नाकातून रक्त गाळतच. अर्धा तास कुणाला ओळखेनात. तेव्हापासून वहिनीने त्यांचं विहिरीत उतरणं बंद केलं होतं, आणि नानाभाऊ नुसते कुढत होते. पाहवत नव्हतं मला.

मी जळगावला शाळेत गणित शिकवते. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मी ती तडीस नेल्याशिवाय राहत नाही. मी म्हटलं, पाठीवर सिलिंडर बांधून रीतसर शिकू या, मग दम धरायची भानगडच नको. तिथला पहिला नियमच तो आहे: पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. खालची हवा दाबलेली असते, वर येताना ती फुगते. छातीत कोंडून वर आलात तर फुफ्फुस फाटू शकतं. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी नानाभाऊंना तपासून हिरवा कंदील दिला. उरली वहिनी.

"जा," ती म्हणाली, "पन ज्या दिन तुम्ही दम धरशात, त्या दिनपाईन पानी बंद. समिंदर बी बंद, हीर बी बंद. मनी आन शे तुम्हले."

नानाभाऊंनी मान हलवली. वहिनीने अशी आन, म्हणजे शपथ, घातली की विषय संपला.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढली. जळगाव ते पुणे एक दिवस, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरवरून गगनबावड्याचा घाट उतरून मालवण. रस्ता बरा आहे, घाटात तेवढं सांभाळा. नानाभाऊंनी ज्वारी-उडदाच्या पिठाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता, तो मालवणातही तीन दिवस पुरवला. समुद्राकाठी बसून हा माणूस ठेचा खातोय आणि खानावळवाल्या काकू तळलेली सुरमई घेऊन उभ्या! चार दिवसांचा कोर्स राहण्यासकट माणशी तीस हजारांच्या आसपास पडतो. पोहता येणं आणि डॉक्टरांचा दाखला हवाच.

पहिला दिवस पोहण्याच्या तलावातला. तिथेच घात झाला. आमचे प्रशिक्षक पराग सर, शांत माणूस. सहा फूट पाण्यात गुडघ्यांवर बसून नुसता श्वास घ्यायचा, एवढंच काम. नानाभाऊ खाली बसले आणि बुडबुडेच बंद. मिनिट झालं, सव्वा मिनिट झालं. तोंडात हवेची नळी आहे आणि हा बाबा दम धरून बसलाय! सरांनी ओढून वर काढलं.

"काका, श्वास घ्या हो!"

"घेस ना. पन पानी दिसनं की आपोआप बंद व्हस."

दुसऱ्या दिवशीही तेच. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, असंच राहिलं तर मी यांना समुद्रात नेणार नाही. सर्टिफिकेटचं सोडा, जिवाशी गाठ आहे." जेवताना मी नानाभाऊंना चांगलंच फैलावर घेतलं, पोरांना पाढे चुकल्यावर घेते तसं.

मग त्यांनीच तोड काढली. बोलणारा माणूस दम धरू शकत नाही. तिसऱ्या दिवशी ते पाण्याखाली अखंड बडबडत राहिले. नळीतून गुडगुड, बुडबुड, एक क्षण खंड नाही. वर आल्यावर मी विचारलं, काय बोलत होता? तर म्हणे, शेजारचा जो दरवर्षी आमचा बांध कोरतो, त्याला शिव्या देत होतो. सर हसून हसून बेजार. समुद्रातल्या चारही डाइव्ह त्या शेजाऱ्याच्या कृपेने पार पडल्या, आणि दोघांनाही सर्टिफिकेट मिळालं.

खरी पंचाईत घरी आल्यावर. खानदेशात डाइव्ह करायची कुठे? तुमच्यापैकी कुणी विचार करत असाल तर ऐका. धरणात उतरायला परवानगी लागते. आम्ही कचेरीत अर्ज दिला तर तिथले बाबू म्हणाले, "बोटिंगचा अर्ज असतो. पाण्याखालचा कोणता?" अजून उत्तर नाही. पिंपळनेरकडचं एक धरण नुसतं पाहून यावं म्हणून धुळे, साक्री करत गेलो, वाटेत शेवभाजी हाणली. काठावर एक म्हातारे आबा जाळं सांधत बसले होते. नानाभाऊंनी बेत सांगितला, तर आबा हातातली सुई खाली न ठेवता म्हणाले, "खाले बठ्ठी जुनी जाळी शेतस. पाय अटकना तं कोन काढी?" तिथूनच गाडी वळवली. उगाच शहाणपणा करू नका, काठावरच्या माणसाला विचारा.

शेवटी आमचीच विहीर ठरली. पावसाळ्यानंतर चाळीस-पंचेचाळीस फूट पाणी असतं. अर्थात एकट्यादुकट्याने नाही. पराग सरांच्या ओळखीचा तन्मय नावाचा डायव्हर पुण्याहून भरलेले सिलिंडर घेऊन आला. तो खाली सोडलेला दोर धरून पायऱ्यांवर बसणार, आम्ही दोघं खाली जाणार. मोटरीचा करंट नको म्हणून नानाभाऊंनी स्टार्टरचे फ्यूज काढून वहिनीकडे दिले. तिने ते पदराच्या टोकाला बांधले आणि काठावर उभी राहिली. मी उतरता उतरता नानाभाऊंना तिसऱ्यांदा बजावलं, "दम धरायचा नाही, लक्षात आहे ना?" वहिनी ऐकत होती.

दहा फुटांपर्यंत पाणी हिरवं होतं. पुढे टॉर्चच्या उजेडात फक्त पाइप आणि काळे दगड. समुद्रात चहूकडे मोकळं असतं. इथे हात लांब केला की भिंत, आणि गार असं की दात वाजावेत. शेजारी नानाभाऊंची बडबड चालू होती, बुडबुड, बुडबुड. तेवढाच आधार. पस्तीस फुटांवर माझा पाय गाळात गेला आणि पाणी एकदम काळं झालं. टॉर्चचा उजेडही दिसेना. वळायला गेले तर पाठीमागे काहीतरी अडकलं. कुठल्याशा पडलेल्या बादलीचा दोर असावा. मी हिसका दिला, मास्क सरकला, नाकाडोळ्यांत पाणी शिरलं.

खोटं का बोलू? त्या क्षणी मालवण नाही, पराग सर नाहीत, सर्टिफिकेट नाही. मी सात वर्षांची झाले. छातीभर श्वास घेतला, गाल फुगवले, नळीवर ओठ घट्ट मिटले आणि वर सुटले. अडकलेला दोर तुटला की निसटला, देव जाणे. वर हिरवा उजेड दिसायला लागला तशी छाती भरून ताठ झाली. तरी ओठ उघडेनात.

कुणीतरी माझा पाय घट्ट धरला. नानाभाऊ. त्यांनी मला ओढून समोर आणलं, मी वर उसळू नये म्हणून माझ्या फुगवलेल्या जॅकेटमधली हवा काढली, आणि टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला. बुडबुडे दाखवले. मला कळत होतं, जमत नव्हतं. मग त्यांनी माझ्या पोटात गुद्दा मारला. हवा भस्सकन बाहेर पडली. पुढचा श्वास मी घेतला तो रडतच. तिथे आम्ही भिंतीला धरून थांबलो आणि मग हळूहळू वर आलो.

तन्मयचा चेहरा उतरला होता. छातीत दुखतंय का, थुंकीत रक्त आहे का, सगळं त्याने दोघांनाही विचारलं. नशीब, काही नव्हतं. मग म्हणाला, "मधे काही वेळ एकाचेच बुडबुडे येत होते. दम कोणी धरला?"

वहिनी दोन पायऱ्या खाली आली. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी नानाभाऊ बोलले.

"मी."

वहिनीने काही आकांडतांडव केलं नाही. पदराची गाठ सोडून फ्यूज त्यांच्या हातावर ठेवले, त्यांच्या गळ्यातला मास्क काढून घेतला आणि घराकडे चालू लागली. इतके दिवस सगळ्यांना नियम शिकवत फिरणारी मी, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

जळगावला निघताना मी नानाभाऊंना गाडीपाशी विचारलं, असं का केलंत? ते टायरला लाथ मारून हवा बघत होते. म्हणाले, "दम धराले तुले कोनी शिकाडं? मीच ना? मंग चूक कोनी?"

या गोष्टीला तीन आठवडे झाले. माझं सर्टिफिकेट शाळेत फळ्यावर लागलंय, मुली विचारतात, टाळ्या वाजवतात. मला त्याकडे बघवत नाही. परवा गावाहून फोन आला. कुणाची तरी मोटर पडली म्हणून दोघं जण नानाभाऊंना बोलवायला आले होते. वहिनीने दारातूनच सांगितलं, "त्या आते उतरतस नहीत." नानाभाऊ ओट्यावर बसून होते, मान वर करून पाहिलं नाही त्यांनी.

वहिनी, माझं लिहिलेलं सगळं तू मोबाइलवर वाचतेस हे मला माहीत आहे. फोनवर हे बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय. नानाभाऊंनी तुझी आन मोडलेली नाही. त्या दिवशी थांबले ते बुडबुडे माझे होते. त्यांचा मास्क त्यांना देऊन टाक.