पहिल्या नोंदीचा दात

माझ्या धाकट्या मावशीइतकी माणसांची तोंडं उभ्या मावळात कुणी पाहिली नसतील, आणि गंमत म्हणजे ती दाताची डॉक्टर नव्हतीच. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. तळेगावच्या एका लहानशा इस्पितळात ती नर्सिंगच्या मुलींना शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी खेळात पडलेल्या दातांवर संशोधन करायची. गाडीत मळवलीला कुणी शेजारी येऊन बसलं की 'कुठं उतरणार?' विचारायच्या आधी ती 'पुढचा दात कुठं गेला?' असं विचारी. जत्रेत लोक रेवड्या घेत, ही नोंदी घेई. एकदा तिनं एका पैलवानाला गाठलं. तो म्हणाला, "दात व्हय? कौलावर टाकला की, मावशी. आमी ल्हानपणापासनं तितंच टाकतो." "अरे, ते दुधाचे! हा काय पुन्हा उगवणार आहे?" म्हणत तिनं पदर खोचला, शिडी मागवली आणि स्वतः छपरावर चढली. दात मिळाला नाही, चार कौलं मात्र फुटली. पडलेला दात धुऊन लगेच जागेवर बसवावा, ते जमलं नाही तर गालात धरून दवाखाना गाठावा, एवढा एकच धडा तिला नर्सच्या शिक्षणात घालायचा होता. वरिष्ठ डॉक्टर मंडळी हसून तो पुढच्या वर्षावर ढकलत.

या संशोधनाचं मूळ म्हणजे मी. वडगावला हुतूतूचे सामने होते आणि मी संघात राखीव होतो, म्हणजे बाकीच्यांचे सदरे सांभाळायला होतो. निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे बक्षिसं द्यायला एक पुढारी आले. त्यांच्या पाया पडायला सगळ्यांची झुंबड उडाली. आपलं कुठंतरी नोकरीचं जमेल या आशेनं मी सर्वांच्या आधी वाकलो, तो थेट टेबलाच्या कोपऱ्यावर. दात जमिनीवर, पुढारी पुढच्या गावाला. मावशी तिच्या मुलींना घेऊन प्रथमोपचाराला आली होती. तिनं दात धुतला, अंगठ्यानं जागेवर दाबला आणि शेजारच्या दातांना दोऱ्यानं बांधला. "कसा रे पडला?" मी छाती काढून बोबडं बोललो, "चढाईत." माझं अक्षर बरं म्हणून तिच्या वहीतली ही पहिली नोंद मीच लिहिली, आणि पुढची सहा वर्षं दर रविवारी तिच्या नोंदी उतरवताना ते वाक्य मला पहिल्या पानावरून टकमक बघायचं.

शेवटी एकदा डॉक्टर मंडळी ऐकायला बसली. बसवलेले दात बहुतेक सगळे पुढे गळाले होते, टिकला होता एकच. जिवंत पुरावा म्हणून मावशीनं मला उभं केलं. एका डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खेळताना पडला?" मावशीचा चेहरा मी पाहिला आणि मला लाज वाटली. खरं सांगावं तर तिचा धडा बुडणार, खोटं सांगावं तर तिच्या सहा वर्षांच्या खऱ्या कामात माझं खोटं कायमचं राहणार. मी घाम पुसला आणि टेबल, कोपरा, पुढारी सगळं सांगून टाकलं. खोली हसून लोळली. मावशीनं शांतपणे आपली पक्की प्रत पुढे केली, मी कधी न पाहिलेली. पहिल्या नोंदीत तिच्या अक्षरात होतं: 'राखीव खेळाडू. पुढाऱ्यासमोर वाकताना टेबल लागले.' मग ती डॉक्टरांना म्हणाली, "पडला कशानं ते सोडा हो. टिकला कसा, ते मला मुलींना शिकवायचंय."

धडा मिळाला. अर्ध्या तासाचा, पण मिळाला.

परतताना मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ओठाला टेबलाचा हिरवा रंग लागला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची फार आठवण येते, विशेषतः आरशासमोर. गेल्या महिन्यापासून तो दात हलतोय. लोणावळ्याचा तरुण डॉक्टर म्हणतो, "आजोबा, काढून टाकू." मी नको म्हणालो. आपणहून पडलाच, तर धुऊन गालात धरीन आणि तळेगावच्या गाडीत बसेन. तिथं आता कुणी वाट बघत नाही, हे मला ठाऊक आहे.