समोरच्या पानावरचं घड्याळ

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरला सगळे खळकाका म्हणत, कारण अंगाला कायम चिकटवायच्या खळीचा वास. त्यांना त्याचा राग नव्हता. रागवायलाही अंगात त्राण लागतं, आणि पूल पडल्यापासून ते उरलं नव्हतं.

महिन्यापूर्वी नदीवरचा पायी जायचा पूल सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कोसळला. गेलेल्यांत काकांचे भाऊजी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान होते. ताईसोबत ते पूल ओलांडून आलेही होते. पण तिचा चष्मा घरी राहिला म्हणून तिनेच त्यांना मागे पाठवलं. त्या दिवसापासून ताईने तो चष्मा लावला नाही.

मग कुणाला तरी जुन्या मासिकांच्या खंडात एक कथा सापडली. कथेत पूल पडतो, आणि समोरच्या पानावर घड्याळाची जाहिरात, काटे बरोबर दहा वाजून दहा मिनिटांवर. झालं! ग्रंथालयाकडे एरवी ढुंकूनही न बघणाऱ्यांची रांग लागली. कुणाला मुखपृष्ठावर मेलेल्यांचा आकडा दिसला, कुणाला शब्दकोड्यात नदी. पूल शेवटचा कधी तपासला होता, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ताईही रोज यायची आणि त्या गर्दीत गुपचूप बसून राहायची. लिहिलेलंच होतं, असं घरी म्हणायची, आणि तेवढ्या आधारावर दोन घास खायला लागली होती.

इतके हात लागल्यावर खंडाची पाठ सुटली. ग्रंथपालबाईंनी तो काकांच्या टेबलावर आणून टाकला. काकांनी जुना दोरा कापला आणि त्यांचा हात थांबला. जाहिरातीचं पान त्या अंकातलं नव्हतंच. वाळवीने खाल्लेल्या पानाच्या जागी शिलकी अंकातलं हाताला येईल ते पान कागदी पट्टीने चिकटवायचं, ही त्यांची जुनी खोड. नाहीतर खंड मध्येच खपाटीला जातो. शिवाय शिलकी गठ्ठ्यातल्या घड्याळांच्या झाडून सगळ्या जाहिरातींत दहा वाजून दहा मिनिटंच झाली होती. लोक ज्याला नियती म्हणत होते, ती त्यांच्याच खोलीतली खळ होती.

सांगावं तर ताईचा घास तुटणार. न सांगावं तर आपल्याच चुकीपुढे तिला रोज बसवायचं. दोन दिवस काकांनी खंड तसाच उसवलेला ठेवला. तिसऱ्या दिवशी तो शोधत ताई मागच्या खोलीत आली.

"ताई, हे पान इथलं नाही," काका म्हणाले. "मागाहून लावलेलं आहे."

ताईने पान हातात घेतलं. बघितलं नाही, नुसतं पट्टीवरून बोट फिरवलं.

"माहीत आहे. तुला कावीळ झाली होती तेव्हा तुझं काम घरी आणून मीच करायचे. ही वाकडी पट्टी माझी आहे. पहिल्याच दिवशी हाताला कळली."

काकांनी विचारलं, "मग रोज येतेस कशाला?"

"इथे सगळे म्हणतात, ते होणारच होतं. घरी तसं म्हणायला कुणी नाही."

हे काकांनी तिला कधीच म्हटलं नव्हतं, आणि आताही जीभ रेटेना.

"शिव परत," ताई म्हणाली. "होतं तिथेच."

काका सुईत दोरा ओवायला लागले. दोनदा चुकला. ताईने सुई मागून घेतली, तिलाही दिसेना. मग तिने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला.