बिनचहाची मावशी

ज्या घरात मावशीने प्रार्थना केली, त्या घरचा चहा ती घेत नसे. पाणीसुद्धा नाही. आणि ज्या घरी चहा घेतला, तिथे त्या दिवशी प्रार्थना नाही. त्यामुळे नाशिकच्या शरणपुरातल्या बायकांना दारातच ठरवावं लागे, आज मावशी हवी की मावशीची प्रार्थना. एखादी बाई आग्रहाने तिच्या हातात कप ठेवायचीच. मावशी निवांत चहा प्यायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "छान झालाय. प्रार्थनेला उद्या येते." पोरांनी तिचं नाव 'बिनचहाची मावशी' ठेवलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं.

ती बायबलबाई होती. म्हणजे चर्चच्या वतीने घरोघर जाऊन बायकांना शास्त्रातलं वाचून दाखवणारी, आजाऱ्यांजवळ बसणारी. मूळची सटाण्याकडची. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, नाशिकला आली ती इथलीच झाली. व्यासपीठावर ती कधी उभी राहिली नाही, तिचा उपदेश स्वयंपाकघरात चाले. बायका काम टाकून हात जोडून बसल्या की ती चिडायची. मेथी निवडत राहा म्हणायची, मला फक्त कान द्या. माझ्या आईला अर्धं शास्त्र मेथीच्या जुड्यांबरोबर पाठ झालं. मी मात्र या सगळ्यापासून चार हात लांब होते. बँकेतली नोकरी, डोक्यात शंका आणि जिभेला धार.

त्या धारेनेच मी तिला एकदा विचारलं, की चहाने तुझ्या देवाचं काय बिघडतं? ती रागावली नाही. म्हणाली, "पहिला कप प्रेमाचा असतो गं. पुढं पुढं पाय आपोआप चांगल्या चहाच्या घराकडं वळतात. मग देव कुठल्या घरी जा म्हणतोय, ते ऐकूच येत नाही."

तिची दुसरी खोड म्हणजे दारात आलेल्या माणसाला ती आधी एकच प्रश्न विचारायची, "कसाले उनी? खरं सांग." कशाला आलीस, खरं सांग. एरवी नाशिककरांसारखं बोलणारी मावशी हा प्रश्न मात्र माहेरच्या अहिराणीतच विचारायची. खुद्द चर्चचे पाळकसाहेबही त्यातून सुटले नाहीत. ते म्हणाले, तुमची तब्येत विचारायला आलो. सोबत चर्चच्या कमिटीचे दोघं होते आणि कमिटीची निवडणूक तोंडावर होती. मावशीने तब्येत सांगितली, गुडघ्यापासून दाढेपर्यंत, इतकी सविस्तर की निवडणुकीचा विषय काढायला त्यांना फटच मिळाली नाही.

पुढे आई आणि मी शरणपूर सोडून इंदिरानगरला राहायला आलो. तिथल्या एका हॉलमध्ये मावशीच्याच रविवारच्या शाळेत शिकलेला एकजण उपदेश करायचा. सगळे त्याला ब्रदर म्हणत. चकचकीत कोट, कॉलरला माइक, यूट्यूबवर व्हिडिओ आणि चौकात स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्याचा फ्लेक्स. त्याने एकदा मावशीला आग्रहाने बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि ही माझी गुरुमाऊली म्हणून टाळ्या घेतल्या. मी गंमत बघायला सोबत गेले होते. परतताना रिक्षात मी त्याच्या कोटापासून हुंदक्यांपर्यंत सगळ्याची नक्कल केली. मावशीने ती पूर्ण होऊ दिली.

"मागच्या रांगेत दोन बाया रडत होत्या, पाहिल्यास?" ती म्हणाली. "त्यांचं रडणं खरं होतं. तो कशासाठी बोलतो ते त्याच्या पोटात. मला कुठं दिसतंय?"

इतकी चांगली नक्कल वाया गेल्याचं मला वाईट वाटलं.

मग आईला अर्धांगवायू झाला. मावशी दर गुरुवारी सिटी बसने येऊ लागली. दुपारपासूनच आईचे डोळे दाराकडे लागायचे. आई गेली, तरी गुरुवार चालू राहिला. आता ती माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. पण गुरुवारी मी बँकेतून लवकर निघत असे, हेही खरं. त्या घरात आठवडाभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

अशाच एका गुरुवारी ती आली, बसली आणि म्हणाली, "चहा टाक."

मी चमकले. चहा केला. तिने कप हातात घेतला.

"आज प्रार्थना नाही," ती म्हणाली. "आता कुठंच नाही. येताना बसमध्ये मी मलाच विचारलं, कसाले चालनी? कशाला चाललीस? तर आतून उत्तर आलं, माले एकलं वाटस. मला एकटं वाटतं. खोली खायला उठते म्हणून मी लोकांच्या घरी जाते आणि नाव देवाचं सांगते. किती दिवस चाललंय हे, कोण जाणे."

मी तिच्याशी भांडले. त्या ब्रदरला सगळं माफ आणि तुला नाही, हा कुठला न्याय? तू कशासाठीही आलीस तरी आईला बरं वाटायचं ना?

"त्याच्या पोटातलं मला दिसत नाही," ती म्हणाली. "माझ्या पोटातलं दिसतं."

चहा संपवून ती गेली आणि त्यानंतर कोणाच्याच घरी गेली नाही. शरणपुरात कोणी म्हणालं आजारी आहे, कोणी म्हणालं रुसली आहे. मला तिचा राग आला होता. देवाशी प्रामाणिक राहायच्या नादात तिने माझा गुरुवार काढून घेतला होता. तरी दर गुरुवारी मी सवयीने लवकर घरी यायचे आणि दिवा न लावता बसून राहायचे.

थंडी पडल्यावर एका गुरुवारी मीच उलट्या दिशेची बस धरली. मावशी चर्चमागच्या तिच्या खोलीत पडून होती, अगदी वाळली होती. मला पाहून उठून बसली.

"कसाले उनी? खरं सांग."

तब्येत विचारायला, फळं द्यायला, अशी उत्तरं मी बसमध्ये तयार केली होती.

"माले एकलं वाटस," मी म्हणाले.

तिने पायांवरची चादर बाजूला सारली. मग म्हणाली, "स्टोव्हजवळ साखर आहे. चहा टाक."

आम्ही चहा घेऊ लागलो. अर्धा कप झाल्यावर ती थांबली. "तुझी खोट आणि माझी खोट एकच निघाली," ती म्हणाली. "चल, खोट घेऊनच त्याच्यापुढं बसू." आणि कप हातात तसाच ठेवून तिने डोळे मिटले. प्रार्थना लांबली. जिथे जाणं तिने सोडलं होतं, त्या एकेका घराचं नाव तिने घेतलं. माझ्या आईचं घेतलं, ब्रदरचं घेतलं, माझंही घेतलं. मग साय धरलेला गार चहा ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. प्रार्थना करून तिने चहा घेतलेलं घर सगळ्या शरणपुरात एकच, आणि तेही तिचं स्वतःचं.

त्याच हिवाळ्यात ती गेली. मूठमातीच्या आधी चर्चमध्ये ब्रदर बोलला. तोच कोट, तोच माइक, तेच हुंदके, आणि समोर व्हिडिओ काढणारा माणूस. तो कशासाठी बोलत होता, मला माहीत नाही. मी मागच्या रांगेत बसून रडत होते, आणि माझं रडणं खरं होतं.