पाच आणि पाच

वसंतकाका बेल वाजवत नसत, भिंत वाजवत. इथे तेलुगू मुलखात, नारायणगुड्यात, त्यांच्या आणि आमच्या फ्लॅटची एक भिंत सामाईक. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात पलीकडून ठोके आले. एक, थोडं थांबून तीन. मी तक्रार करायला गेलो, तर दारात काका हसत उभे. "क-ची ओळ पहिली, त्यातलं तिसरं अक्षर. ग झाला. पुढचं ऐकायच्या आधीच पळत आलास?"

वर्णमालेच्या तक्त्यातल्या क-पासूनच्या पाच ओळी, ओळीत पाच अक्षरं. आधी ओळीचे ठोके, मग अक्षराचे. काना-मात्रा ऐकणाऱ्याने भरायच्या. काका मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. आठवड्यातून एखाद-दोनदा संध्याकाळी सातला भिंतीवरून एक शब्द, त्यावरून एक कोडं. माझी मुलगी मराठी पाटी वाचताना अडखळते, पण त-थ-द-ध-न तिला पाठ आहे ते या भिंतीमुळे.

मी वही ठेवली होती. अकरा वर्षांत सहाशे बारा कोडी, मला सुटली दोनशे नऊ. उत्तर काकांनी एकदाही सांगितलं नाही. "उत्तर नक्को मागू. कुठं चुकलास ते दाखव." अंदाजाने बरोबर आलं तर जास्त चिडत. "जुळलं म्हणजे सुटलं, असं नसतं रे."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना काही समजत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आणल्यावर डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कठड्यावर वाजू लागलं. मीनाकाकू मला बोलवायला आल्या. ठोक्यांना त्या जन्मभर रिकामे उद्योग म्हणत आल्या होत्या. "मी कधी शिकले नाही. तुलाच येतं. काय म्हणतात, बघ ना."

नऊ संध्याकाळी मी आकडे लिहिले. शब्द एकही झाला नाही. दहाव्या दिवशी पाच ठोके आले, थांबून पुन्हा पाच. म झाला. काकूंनी लगेच अंबरपेठेतल्या बहिणीला फोन केला, हे माझं नाव घेतायत म्हणून. पुढे मीनामधला 'न' यायला हवा होता, चार आणि पाच. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नुसतं पाच आणि पाच.

रविवारी सकाळी काकू देवपूजेला बसल्या असताना मी गेलो. व्यायाम करवायला येणारी मुलगी काकांचं बोट धरून कठड्यावर आपटत होती, तेलुगूत पाचापर्यंत मोजत. थांबली, पुन्हा पाच. संध्याकाळी बोट तेच गिरवत असणार.

दोन दिवस मी वहीत पाच आणि पाच लिहीत राहिलो. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, पुढचं अक्षर आलं का. मी जे पाहिलं ते सांगितलं.

काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. "हौ," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू खोटं बोलायचं होतंस."

त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. तीन आठवड्यांनी काका गेले. काकू बहिणीकडे राहायला गेल्या.

परवा नव्या भाडेकरूंनी पलीकडून खिळा ठोकला. मी हातातलं काम ठेवून मोजत उभा राहिलो. सलग सतरा ठोके, मध्ये कुठेही न थांबता.