डालग्यातलं पाचाचं घर

बांबू सोलताना सालपं कोणी मुद्दाम जमवत नाही. उठताना पाहावं तं मांडीखाली ढीग झालेला असते. आमच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मांडवातल्या गोष्टीही तशाच.

या मांडवात आम्ही तिघी बांबूची डालगी, म्हणजे टोपल्या, विणतो. मी, शेजारीण मैना, अन् पार त्या टोकाले, पाठ करून, माही सून शेवंता. माहा सुरेश चौतिसाव्या वर्षी छाती धरून पडला, तो उठलाच नाही. तेरवीच्या पंगतीत मी शेवंताले साऱ्यायसमोर म्हटलं, "तुह्या हातच्या तेलकट जेवणानं माहा लेक नेला." तवापासून माही चूल वेगळी. अकरा वर्षं झाली.

*

सुरेशची पोरगी वर्षा यवतमाळले कॉलेजात शिकते. दिवाळीत आली तं सांगून राह्यली, आपलं अंग म्हणजे बारीक बारीक पेशी. पेशीले बाहेरचं काही आत घ्यायचं असलं की तिची कातडी आत दबते, अन् त्या खळग्याले आतून डालगं विणल्या जाते. तीन पायाच्या काड्या एकमेकीत अडकत जातात, खळग्याचा गोळा होते, माल आत. मंग डालगं सुटते, काड्या दुसऱ्या कामाले मोकळ्या.

"विणते कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही, आजी. काड्याच जुळतात आपल्या आपण."

मैना म्हणे, "माह्या अंगात एवढे कारागीर, अन् मले उठाले दोन माणसं लागतात!"

*

कॉलेजात दाखवाले वर्षा बांबूचं तसंच डालगं करू लागली. सहा कोनांचं घर, त्याले लागून सहाचंच घर. दोन दिवस विणलं, पण वळेचना.

मी म्हटलं, "सहाचीच घरं पाडली तं चटई होते, बाई. मधात मधात एक काडी सोड, पाचाचं घर पाड. पुरा गोळा मिटवाले अशी बारा लागतात."

तिनं पुस्तक उघडलं. बराच वेळ चित्रावर बोट फिरवून मोजत होती.

"बाराच आहेत, आजी. तुले कोणी सांगितलं?"

"बांबूनं."

*

डालगं झाल्यावर वर्षा माह्याजवळ सरकून बसली. रक्तातली चरबीही पेशी अशाच डालग्यातून आत घेते, म्हणे. पण काही घराण्यायत चरबी धरणारा हातच डालग्यात येत नाही. डालगं रिकामं आत जाते, चरबी रक्तातच राह्यते, अन् जवानीतच माणसाचं काळीज बंद पडते.

"बाबाच्या टाचेवर पिवळ्या गाठी होत्या न?"

होत्या.

"त्या या चरबीच्याच. हे जन्मापासून असते, आजी. खाण्यानं नाही होत. माह्या रक्ताच्या तपासणीतही निघालं. गोळी चालू आहे."

माह्या हातातली काडी थांबली. अशाच गाठी माह्या सख्ख्या भावाच्या कोपराले होत्या. तोही जवानच गेला. त्यानं तं शेवंताच्या हातचा घासही कधी खाल्ला नव्हता.

मांडवाच्या त्या टोकाले शेवंता पाठ करूनच बसली होती. तिचे हात चालत नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली नाही. आपली थाळी घेतली अन् शेवंताच्या दारात जाऊन बसली.

तिनं भाकर वाढली, बाजूले ठेचा ठेवला. तेलाची बुधली उचलली, माह्याकडे पाह्यलं, अन् तशीच खाली ठेवली.

"टाक," मी म्हटलं. "वरून तेल टाक."